कोडावर डीएमएसओ: औषध आत गेलं, पुढे काय?

कोडाच्या डागावर मलम चोळलं की त्यातलं बरंचसं औषध कातडीच्या वरच्या मृत थरातच अडकतं. हा थर जेमतेम 10 ते 20 मायक्रोमीटर जाडीचा, पण रेणूचं वजन 500 डाल्टनच्या वर गेलं की वाट जवळपास बंद. म्हणून कोडाच्या औषधांसोबत डायमिथाइल सल्फॉक्साइड, म्हणजे डीएमएसओ, वापरून पाहण्याची कल्पना पुढे येते. हे विद्रावक 1866 साली रशियन रसायनशास्त्रज्ञ अलेक्झांडर झाइत्सेव्ह यांनी बनवलं. ते कातडीतून झपाट्याने शिरतं आणि सोबतची औषधंही नेतं, हे 1960च्या दशकात अमेरिकेत ऑरेगनमध्ये स्टॅनली जेकब यांनी दाखवून दिलं. अमेरिकेत गुडघेदुखीवर लावायच्या डायक्लोफेनॅकच्या एका द्रावणात आजही 45.5 टक्के डीएमएसओ असतं.

गुडघ्याला चाललं, तर कोडाला का नको? घोडं अडतं ते प्रमाणापाशी. औषध आत नेण्याचा गुण साधारण 60 टक्क्यांच्या पुढे जोरात दिसतो. नेमक्या त्याच प्रमाणाला कातडी लाल होते, चुरचुरते, हिस्टामिन सुटून गांधी उठतात. सांधेदुखीत हे सोसता येतं. पसरत्या कोडात मात्र जिथे खरचटलं, भाजलं किंवा सतत घासलं गेलं तिथेच नवा डाग उमटू शकतो. यालाच कोबनर परिणाम म्हणतात. सोरालेनच्या, म्हणजे कातडीला प्रकाशाबाबत हळवं करणाऱ्या औषधांच्या बाबतीत तर आणखी जपावं लागतं: 0.1 टक्का मेथॉक्सिसोरालेन लावून प्रकाश जरा जास्त घेतला तरी फोड येतात. सोरालेन असलेलं बावचीचं तेल डीएमएसओत कालवून उन्हात बसणं म्हणजे भाजून घेण्याचाच उद्योग.

चाचणी करायची तर एकाच माणसाचे, एकाच भागातले तीन डाग हवेत: एकावर औषध आणि डीएमएसओ, दुसऱ्यावर साध्या मलमातलं औषध, तिसऱ्यावर नुसतं डीएमएसओ. तिसरा डाग गाळला तर रंग कशामुळे आला ते कळणारच नाही. गुडघ्याची तुलना बोटाच्या टोकाशी करू नये. रंगपेशींचा साठा केसांच्या मुळांशी असतो, त्यामुळे बिनकेसांच्या बोटांवर आणि ओठांवर रंग हट्टाने येत नाही. फोटो 365 नॅनोमीटरच्या वूड दिव्याखाली, म्हणजे अतिनील प्रकाशात काढावेत आणि किमान 24 आठवडे थांबावं. आणखी एक पंचाईत: शरीरात डीएमएसओपासून डायमिथाइल सल्फाइड बनतं आणि श्वासाला लसणासारखा वास येतो. डीएमएसओ लावल्याचं त्यावरून कळतं, आणि ते कोणत्या डागावर आहे हे लाली-चुरचुरीवरून रुग्णालाही कळतं आणि तपासणाऱ्यालाही. म्हणून मोजमाप फक्त फोटो पाहणाऱ्या वेगळ्या व्यक्तीने करावं.

औषध आत पोचवणं हाच कोडातला मुख्य अडसर आहे, असं मला वाटत नाही. कोडावरच्या रुक्सोलिटिनिब या औषधाचा रेणू सुमारे 306 डाल्टनचा. त्याचं 1.5 टक्क्याचं क्रीम, डीएमएसओशिवाय, दिवसातून दोनदा लावायचं. 24 आठवड्यांत सुमारे 30 टक्के रुग्णांच्या चेहऱ्यावरच्या डागांत किमान 75 टक्के सुधारणा झाली. औषध नसलेलं नुसतं क्रीम लावणाऱ्यांत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास होतं. जुलै 2022मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. तिथे खरं काम झालं ते रंगपेशींवर हल्ला करणाऱ्या टी-पेशींचा निरोप मधेच तोडण्याने.

प्रयोगशाळेतली किंवा कारखान्यातली बाटली अंगाला लावू नये. डीएमएसओ त्यातली अशुद्धीही आत नेतं. लावताना साधे रबरी हातमोजेही नकोत: काही रबरात पूर्वी मिसळला जाणारा मोनोबेन्झोन रंगपेशी मारतो, हे 1939 साली चामड्याच्या कारखान्यातल्या कामगारांच्या हातांवरून लक्षात आलं होतं.