भित्र्या, वयस्कर कुत्रीला कसं घर लागतं

शेल्टरमधल्या कुत्र्यांसाठी घर शोधताना फोनवर सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे "आम्ही तिला खूप प्रेम देऊ हो, आमच्या घरात सगळ्यांना कुत्र्यांची फार आवड आहे." पिल्लू असेल तर बऱ्याचदा एवढं पुरतं. पण नऊ-दहा वर्षांची, माणूस जवळ आला की भिंतीला चिकटणारी कुत्री असेल तर हेच वाक्य ऐकून मला काळजी वाटायला लागते. कारण आवड असलेलं माणूस पहिल्याच दिवशी जे जे करतं, म्हणजे वाकून जवळ घेणं, डोळ्यात डोळे घालून लाडाने बोलणं, डोक्यावरून हात फिरवणं, शेजारपाजारच्यांना बोलावून दाखवणं, ते सगळं भेदरलेल्या कुत्रीला धोकाच वाटतं.

सांगलीजवळच्या एका शेल्टरमध्ये बायडी नावाची अशी एक कुत्री आहे. तपकिरी, तोंड पांढरं झालेलं, एका कानाला नसबंदीची खाच. पिंजऱ्याचं दार उघडलं की ती पळत नाही, गुरगुरत नाही, नुसती दगडासारखी बसते. नवीन माणसं म्हणतात "किती शांत आहे!" पण नीट बघा, तोंड घट्ट मिटलंय, जीभ सारखी नाकावरून फिरतेय, मान तशीच ठेवून डोळे फक्त तुमच्याकडे वळलेत म्हणून डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसतोय, शेपूट पोटाखाली, सगळा भार मागच्या पायांवर, आणि समोर चिकन ठेवलंय तरी ती त्याच्याकडे बघतही नाहीये. उपाशी कुत्रं चिकनला तोंड लावत नाही म्हणजे भीती किती वर गेलीय ते समजून घ्या. तिथे झाडलोट करणाऱ्या मावशींनी पहिल्याच भेटीत मला सांगितलं होतं, "ताई, ती बघतीया सगळं, फकस्त येत न्हाई." इतकं अचूक वर्णन मी दुसरीकडे कुठे ऐकलेलं नाही.

आणि मावशींनी फरशी धुवायला पाण्याचा पाइप सुरू केला की बायडी कोपऱ्यात अंग चोरून अशी चपटी होते की बघवत नाही.

त्यामुळे तिला बघणारा प्रत्येकजण म्हणतो, पुरात सापडली असणार. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती (धोक्याची पातळी ४५ फूट), सांगलवाडी, गावभाग, स्टेशन रोड सगळं पाण्यात, माणसांनाच बोटीतून काढायची वेळ आली तिथे भटक्या कुत्र्यांचं काय झालं असेल. आणि पुराने कुत्र्याचा मेंदू हादरतो ह्याची विज्ञानात एक प्रसिद्ध नोंदही आहे. सप्टेंबर १९२४ मध्ये रशियात लेनिनग्राडला (आजचं सेंट पीटर्सबर्ग) नेवा नदीचा मोठा पूर आला आणि पाव्हलॉव्ह ह्या प्रसिद्ध शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेतली कुत्री पिंजऱ्यात अडकली. पाणी पिंजऱ्याच्या छतापर्यंत चढत होतं, कुत्री नाक वर काढून पोहत होती, पिंजऱ्याची दारं खाली असल्यामुळे प्रत्येकाला पाण्याखालून ओढून काढावं लागलं. कुत्री वाचली, पण नंतर काहींच्या बाबतीत महिनोन्‌महिने शिकवलेल्या सवयी पार विस्कटल्या होत्या. त्या पुन्हा रुळावर आल्यावर पाव्हलॉव्हने एका कुत्र्याच्या खोलीत दाराखालून थोडंसं पाणी सोडलं, आणि तेवढ्याने तो पुन्हा तसाच कोलमडला. मला ह्यातली दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची वाटते, की पूर सगळ्यांनी तोच पाहिला पण कोलमडली काहीच कुत्री. स्वभाव जन्मतः वेगळे असतात.

बायडीच्या बाबतीत पुराची गोष्ट खरी असेलही, पण भित्र्या कुत्र्यामागे दर वेळी एखादा मोठा अपघात किंवा मारहाण शोधायची गरज नसते. कित्येकदा काहीच वाईट घडलेलं नसतं, चांगलं घडायचं राहून गेलेलं असतं. पिल्लाच्या मेंदूत साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत एक खिडकी उघडी असते, त्या काळात जे जे भेटतं ते त्याच्या लेखी जगाचा नेहमीचा भाग होतं. १९६१ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यात पिल्लांना मोठ्या कुंपणाच्या मैदानात माणसाचा संपर्क न येऊ देता वाढवलं होतं. ज्यांना मधल्या कुठल्यातरी आठवड्यात थोडे दिवस माणसांत आणलं ती माणसाळली, पण ज्यांना चौदा आठवडे माणूसच भेटला नाही ती जवळपास रानटी जनावरासारखी वागायला लागली. आता आपल्याकडचं बघा. विश्रामबागच्या एखाद्या चहाच्या गाड्यामागे जन्मलेलं पिल्लू दिवसाला शेकडो माणसांचे पाय बघत मोठं होतं आणि उसाच्या फडात जन्मलेलं पिल्लू तोडणी येईपर्यंत माणूसच बघत नाही. दोघंही देशीच, दोघंही सांगलीचीच, पण मेंदू वेगळे घडलेले.

मग वयाच्या नवव्या वर्षी भीती जाते का? पुसली जात नाही. हे नीट समजलेलं माणूस म्हणजेच मला हवं असलेलं अनुभवी घर. पाव्हलॉव्हलाच हे दिसलं होतं, की रोज घंटेनंतर खाणं दिलं की कुत्र्याला नुसत्या घंटेनेच लाळ सुटायला लागते, मग घंटेनंतर खाणं देणं बंद केलं की ती थांबते, पण काही काळ मधे गेला की पुन्हा घंटा ऐकून लाळ येते, म्हणजे जुनं शिकलेलं आत शाबूत असतं. भीतीचंही तसंच आहे. मेंदूतला अमिग्डाला हा बदामासारखा दिसणारा भाग धोक्याची आठवण धरून ठेवतो, आणि नंतर मिळणारा सुरक्षित अनुभव ती आठवण खोडत नाही, तिच्या शेजारी दुसरी आठवण तयार करतो. शेतातल्या जुन्या पायवाटेशेजारी नवी वाट पडते तसं, रोज नव्या वाटेने गेलं की जुनीवर गवत वाढतं, पण ती असते तिथेच. आणि ह्या नव्या शिकण्याची एक अडचण अशी की ते जागेला फार बांधलेलं असतं. बायडी शेल्टरमध्ये मावशींच्या हातून भाकरी खायला लागली म्हणजे ती तुमच्या हॉलमध्ये तुमच्या हातून खाईल असं अजिबात नाही, नवीन जागेत गाडी पुन्हा पहिल्या स्टेशनापासून सुटते. हे माहीत नसलेले लोक आठवडाभरात फोन करतात, "तुम्ही तर म्हणाला होता खाते म्हणून."

नवी वाट पाडायची पद्धत जुनीच आहे. ह्याच १९२४ साली मेरी कव्हर जोन्स ह्या अमेरिकन संशोधिकेने सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलाला त्याच्या आवडीचं खाणं देत देत, ससा आधी खूप लांब, मग रोज थोडा जवळ असं करून भीतीतून बाहेर काढलं होतं. कुत्र्यांच्या बाबतीतही आज हेच करतात. माणूस दिसला की लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा जमिनीवर पडतो, माणूस तिच्याकडे न बघता निघून जातो. अंतर एवढं ठेवायचं की ती खाऊ शकेल. खायचं थांबवलं की आपण जास्त जवळ गेलो, मागे सरकायचं. बस्स. तुकडा हातात धरून तिला ओढून आणायचा प्रयत्न करू नका. खाण्यासाठी ती येईलही, पण तुकडा संपला की तिला कळतं आपण धोक्याच्या तोंडाशी उभ्या आहोत, आणि मग चावू शकते.

दगडासारखं बसणं हा काय प्रकार आहे त्यावरही थोडं सांगायला हवं. १९६७ मध्ये सेलिगमन आणि मायर ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांना विजेचे झटके देऊन प्रयोग केले होते, आज वाचतानाही अंगावर काटा येतो. ज्या कुत्र्यांना काहीही केलं तरी झटका थांबवता येत नव्हता ती नंतर सुटायचा रस्ता असूनही गप पडून राहिली. तेव्हा निष्कर्ष निघाला की ती हताशपणा शिकली. पुढे मेंदूतल्या रचनांचा अभ्यास झाला आणि २०१६ मध्ये त्याच दोघांनी लिहिलं की आपण उलटं समजलो होतो, लांबत चाललेल्या त्रासात गप पडणं हे मेंदूचं मुळातलं उत्तर आहे, शिकावं लागतं ते "माझ्या करण्याने काहीतरी बदलतं" हे. माझ्या मते म्हाताऱ्या भित्र्या कुत्र्याला सांभाळण्याचं सगळं शास्त्र ह्या एका दुरुस्तीत आहे. तिने मान फिरवली आणि तुम्ही हात मागे घेतला, तर तिच्या करण्याने काहीतरी बदललं. ती उठून दुसऱ्या खोलीत गेली आणि कुणी मागे गेलं नाही, तर बदललं. असं रोज घडायला लागलं की पुढे एक दिवस ती स्वतः उठून तुमच्या पायाशी येऊन वास घेते. तेव्हाही हात लावायचा नाही.

कोलकात्याजवळच्या आयसर ह्या विज्ञान संशोधन संस्थेत अनिंदिता भद्रा ह्यांचा गट आपल्या भटक्या कुत्र्यांवर काम करतो. २०१७ मध्ये त्यांनी दाखवलं की अनोळखी माणसावर विश्वास बसायला रस्त्यावरच्या कुत्र्यांना खाण्यापेक्षा कुरवाळण्याचा जास्त उपयोग होतो. हे वाचून कुणी बायडीला कुरवाळायला जाऊ नका हो, त्या अभ्यासातली कुत्री कुरवाळून घेण्याइतकी जवळ येणारी होती. पण शेवटी स्पर्शाचा नंबर येतो आणि तो मोलाचा असतो, हे त्यातून घेण्यासारखं आहे.

वयाचं प्रकरण वेगळंच. म्हाताऱ्या कुत्र्याची भीती ही पुष्कळदा दुखण्याची भीती असते. ब्रिटनमधल्या लिंकन विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१८ चा एक अभ्यास आहे, छोटाच, २० कुत्र्यांचा, त्यात आवाजाला घाबरणाऱ्या कुत्र्यांपैकी ज्यांची हाडं-सांधे दुखत होते त्यांची भीती बऱ्याच उशिरा, वाढलेल्या वयात सुरू झालेली दिसली. अचानक आवाज झाला की अंग आखडतं, आधीच दुखणारा सांधा कळ देतो, आणि मेंदू आवाज आणि कळ एकत्र बांधून ठेवतो. म्हणून घर शोधायच्या आधी दात, सांधे, डोळे, कान तपासून घ्या. गुंतागुंतीचं असेल तर सातारा जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. कधीकधी डॉक्टर भीतीवरची औषधंही सुचवतात, त्यातल्या काहींचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात, आणि त्यात लाजण्यासारखं काहीही नाही. भीती एका मर्यादेपलीकडे गेली की मेंदू शिकतच नाही, औषध ती मर्यादेत आणतं. शिवाय वयाबरोबर मेंदूही थकतो. अमेरिकेतल्या २००१ च्या एका अभ्यासात ११-१२ वर्षांच्या कुत्र्यांपैकी २८ टक्क्यांमध्ये आणि १५-१६ वर्षांच्या ६८ टक्क्यांमध्ये विसराळूपणाची निदान एक खूण दिसली, रात्री उगाच फिरणं, ओळखीच्या जागी चुकणं, असं. घेणाऱ्याला हे आधी सांगायलाच हवं.

आता घर कसं हवं ते. माझ्या यादीत बंगला, बाग, पैसा ह्यातलं काहीच वरती नाही. कमी माणसं, ठरलेला दिनक्रम, लहान मुलं नकोत, येणंजाणं कमी. घरात आधीच एक शांत, माणसाळलेलं कुत्रं असेल तर सोन्याहून पिवळं, कारण भित्रं कुत्रं दुसऱ्या कुत्र्याच्या अंगावरचा निवांतपणा वाचतं, त्याच्या सोबतीने त्याची भीतीही उतरते. आणि रस्ता कुठला आहे ते बघा. सांगलीत ऊस सुरू झाला की ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत टेप फुल आवाजात लावून रात्रंदिवस जातात, कारखान्याच्या वाटेवरचं घर बायडीला नोव्हेंबरपासून पुढचे कितीतरी महिने जगू देणार नाही. गणपतीच्या डीजेचं आणि दिवाळीच्या फटाक्यांचं तर विचारूच नका.

माणसाला मी एकच प्रश्न विचारते, "सहा महिने ती तुमच्याजवळ आली नाही तर तुम्ही काय कराल?" कुणी म्हणतं "येईल हो, का नाही येणार", कुणी म्हणतं "आम्ही सवय लावू". मिरजेच्या एका रिटायर्ड बाईंनी मात्र उलट मलाच विचारलं, "ती कुठल्या बाजूने आलं की कमी घाबरते?" त्यांनी आधी असंच एक कुत्रं शेवटपर्यंत सांभाळलेलं होतं. अनुभव म्हणजे हा, किती कुत्री पाळली ते नाही.

लगेच दत्तकाचे कागद करायची घाई पण नको. आधी दोन-चार रात्री घरी राहायला न्या. अमेरिकेतल्या पाच शेल्टरमध्ये २०७ कुत्र्यांवर झालेल्या २०१९ च्या अभ्यासात एक-दोन रात्री कुणाच्या घरी काढल्या की कुत्र्यांच्या शरीरातलं कॉर्टिसॉल हे ताणाचं रसायन खाली आलेलं दिसलं. परत आल्यावर ते पूर्वीइतकं झालं, पण त्यापेक्षा जास्त नाही. म्हणजे घरी नेऊन परत आणलं तर तिला जास्त त्रास होईल ही आपली भीती तरी त्या आकड्यांत दिसली नाही.

आणि नेताना दोन दोऱ्या. एक गळपट्ट्याला, एक मागे सरकून निसटता येणार नाही अशा हार्नेसला (छाती-पोटाभोवती बांधायचा पट्टा), दोन्ही वेगवेगळ्या हातात किंवा एक कमरेला बांधून. भेदरलेलं कुत्रं पळतं ते पहिल्या दिवशी, गाडीच्या दारातून किंवा घराच्या फाटकातून, आणि एकदा सुटलं की ओळखीच्या हाकेलाही थांबत नाही. गाडीचं दार घराचं फाटक बंद झाल्यावरच उघडायचं. घरात एका कोपऱ्यात तीन बाजू झाकलेली जागा, पाणी तिथेच, पाइप किंवा बादलीचा आवाज तिच्यापासून लांब. चावलीच तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करायची, कुत्रीला लस दिलेली असली तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते टाळायचं नाही. रात्री दिवा एक बारीकसा चालू ठेवा, म्हाताऱ्या डोळ्यांना अंधारात अचानक पाय दिसला तर ती दचकते. झोपलेली असताना हात लावू नका, कान मंद झालेले असतात. आधी जमिनीवर हलकं थोपटा, ती मान वर करेल, मग पुढे जा.