ख्रिसमसला मिन्स पाय खाल्ला तर गुन्हा? खरं काय ते बघू

"जगातले विचित्र कायदे" अशी यादी फिरत असते ना, त्यात हे हमखास असतं की इंग्लंडमध्ये ख्रिसमसला मिन्स पाय (सुका मेवा भरलेला छोटा गोड पदार्थ) खाणं आजही बेकायदा आहे.

तसं नाहीये. पण हे अगदीच हवेतून आलेलं नाही, म्हणूनच खरं वाटतं. झालं असं की १६४४ साली २५ डिसेंबर नेमका महिन्याच्या ठरलेल्या उपासाच्या बुधवारी आला आणि तेव्हाच्या प्युरिटन (धर्माच्या बाबतीत अतिशय कडक असलेले ख्रिस्ती) मंडळींच्या संसदेने सांगितलं की सण असला तरी उपास पाळायचाच. पुढे १६४७ मध्ये सणच बंद केला. पण १६६० ला राजेशाही परत आली आणि राजाच्या संमतीशिवाय काढलेले ते सगळे हुकूम रद्दबातल ठरले, विषय तिथेच संपला.

आता गंमत बघा, त्याच यादीतलं "संशयास्पद रीतीने सामन मासा बाळगणं गुन्हा" हे मात्र खरं आहे! सामन कायदा १९८६, कलम ३२. फक्त ते चोरून पकडलेले मासे घेणाऱ्या-विकणाऱ्यांसाठी आहे, शीर्षक तेवढं मजेशीर.

म्हणजे तपासायचं कसं, तर आधी कायद्याचं नाव, साल आणि कलम शोधा, ब्रिटनचे कायदे सरकारी साइटवर फुकट वाचता येतात. शीर्षकावर थांबू नका, अख्खं कलम वाचा आणि ते नंतर रद्द झालंय का तेही बघाच. नाव-साल काहीच सापडत नसेल तर लॉ लायब्ररीत विचारा, तिथल्या लोकांना असे प्रश्न मनापासून आवडतात.