मॉरिशसचा सोशल डेमोक्रॅटिक पक्ष (पीएमएसडी)

हिंदी महासागरातील मॉरिशस या द्वीपराष्ट्रातील एक जुना परंपरानिष्ठ राजकीय पक्ष. नावात ‘सोशल डेमोक्रॅटिक’ असले, तरी साखरमळ्यांचे फ्रेंचवंशीय मालक, कॅथलिक क्रिओल (आफ्रिकी व मिश्र वंशाचा) मध्यमवर्ग आणि खाजगी उद्योगाचे पाठीराखे हाच त्याचा मूळ आधार राहिला आहे. निळा रंग ही त्याची ओळख असून त्याच्या अनुयायांना बोलीत ‘निळे’ असेच म्हणतात.

पक्षाच्या जन्मामागे मताधिकाराचा विस्तार होता. मालमत्तेच्या अटीमुळे मूठभरांपुरता असलेला मताधिकार १९४८ मध्ये बेटावरील कोणत्याही भाषेत साधे लिहिता-वाचता येणाऱ्या प्रौढांना मिळाला. गावोगावच्या बैठकांमधून हिंदी अक्षरे गिरवलेल्या मजुरांनी त्या वर्षी मतदान केले आणि कायदेमंडळाचे रूप पालटले. हे मजूर उसाच्या मळ्यांवर कराराने आणलेल्या भारतीयांचे वंशज होते. त्यांत मुंबई बंदरातून गेलेल्या कोकणातील मराठी कुटुंबांचाही समावेश होता. हिंदू बहुसंख्येच्या वर्चस्वाची धास्ती घेतलेल्या गटांना एकत्र आणण्यासाठी वकील ज्यूल केनिग यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी ‘राल्यमाँ मॉरिसियाँ’ ही संघटना उभी केली. तिचेच पुढे ‘पार्ती मॉरिसियाँ’ आणि १९६० च्या दशकाच्या मध्यात पीएमएसडी असे नामांतर झाले. मळेवाल्यांची बाजू मांडणारे ‘ल सेर्नेआँ’ हे जुने वृत्तपत्र या राजकारणाचे मुखपत्रच होते. सार्वत्रिक प्रौढ मताधिकाराने झालेल्या १९५९ च्या पहिल्या निवडणुकीत पक्षाला ४० पैकी केवळ ३ जागा मिळाल्या. १९६३ मध्ये त्या ८ झाल्या.

पक्षाला खरा जनाधार मिळवून दिला तो गाएताँ द्युवाल यांनी. लंडनमध्ये बॅरिस्टर झालेले, भडक पोशाखाची आवड असलेले द्युवाल स्वतः क्रिओल होते. ‘किंग क्रिओल’ ही बिरुदावली त्यांना मिळाली आणि १९६६ मध्ये केनिग यांच्याकडून पक्षाची सूत्रे त्यांच्याकडे आली. पूर्ण स्वातंत्र्याऐवजी ब्रिटनशी सहयोगी संबंध ठेवावेत, ही पक्षाची भूमिका होती. १९६५ च्या लंडन परिषदेतून त्याचे प्रतिनिधी उठून गेले. चागोस द्वीपसमूह मॉरिशसपासून तोडून ब्रिटनकडे देण्याच्या अटी न पटल्यामुळे त्याच्या मंत्र्यांनी त्याच वर्षी राजीनामे दिले. द्युवाल सभांमधून ‘हिंदू माझा भाऊ’ अशी साद घालत, तर त्यांचेच काही समर्थक रस्त्यावर ‘मलबार आम्हाला नकोत’ असे ओरडत. ‘मलबार’ हा तेथे हिंदूंसाठी वापरला जाणारा हेटाळणीचा शब्द आहे. एकाच पक्षाच्या या दोन घोषणांमधील अंतर द्युवाल यांना कधीच पूर्णपणे मिटवता आले नाही.

७ ऑगस्ट १९६७ ची निवडणूक ही प्रत्यक्षात स्वातंत्र्यावरील सार्वमतच ठरली. मजूर पक्षाचे नेते शिवसागर रामगुलाम यांच्या नेतृत्वाखालील आघाडीला ६२ पैकी ३९, तर पीएमएसडीला २३ जागा मिळाल्या. मात्र सुमारे ४४ टक्के मतदार स्वातंत्र्याच्या विरोधात उभे राहिले होते आणि मॉरिशसच्याच दूरच्या रॉड्रिग्ज बेटाने तर जवळजवळ एकमुखाने द्युवाल यांना साथ दिली होती, हे विसरता येत नाही. नव्या राष्ट्राचा पाया किती दुभंगलेला होता, हे यातून कळते. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला, तेव्हा राजधानी पोर्ट लुईमध्ये जानेवारीत उसळलेल्या क्रिओल-मुस्लिम दंगलीसाठी बोलावलेले ब्रिटिश सैनिक अजून बेटावरच होते. अनेक क्रिओल आणि फ्रेंचवंशीय कुटुंबांनी या काळात ऑस्ट्रेलियाची वाट धरली.

यानंतरचे वळण पक्षाच्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचे आहे. स्वातंत्र्याला कडाडून विरोध करणारे द्युवाल १९६९ मध्ये रामगुलाम यांच्या मंत्रिमंडळात परराष्ट्रमंत्री झाले. जातीय तणाव निवळण्यास या युतीने निश्चितच हातभार लावला, आणि निर्यात उद्योग व पर्यटन यांवर उभ्या राहिलेल्या अर्थव्यवस्थेला बळ मिळाले. तिची किंमतही मोठी होती. १९७२ ची नियोजित निवडणूक १९७६ पर्यंत लांबवण्यात आली, पक्षातील नाराजांनी वेगळी चूल मांडली आणि गोदी व कारखान्यांतील क्रिओल कामगार पॉल बेरांजे यांच्या नव्या डाव्या चळवळीकडे, म्हणजे एमएमएमकडे वळले. १९७३ च्या अखेरीस युती फुटली. १९७६ मध्ये पक्ष ८ जागांवर आला, परंतु त्याच ८ जागांच्या आधाराने मजूर पक्षाला एमएमएमला सत्तेबाहेर ठेवता आले.

तेव्हापासून पीएमएसडी हा स्वबळावर सत्ता मिळवणारा नव्हे, तर युतीचे पारडे फिरवणारा पक्ष राहिला. १९८२ मध्ये एमएमएमच्या आघाडीने ६० जागा जिंकल्या आणि तो जवळपास पुसला गेला. पुढच्याच वर्षी अनिरुद्ध जगन्नाथ यांच्या सरकारात द्युवाल उपपंतप्रधान झाले आणि पर्यटनवाढीला त्यांनी जोर दिला. १९९६ मध्ये त्यांचे निधन झाले. मधल्या फाटाफुटीनंतर नेतृत्व त्यांचे पुत्र झेव्हिए-ल्युक द्युवाल यांच्याकडे आले. सरकारी अभियोग-यंत्रणेवर नियंत्रण आणू पाहणाऱ्या विधेयकाला विरोध करून डिसेंबर २०१६ मध्ये ते सरकारातून बाहेर पडले आणि विरोधी पक्षनेते झाले. पक्षाच्या उत्तरकाळातील ही सर्वांत ठाम कृती म्हणावी लागेल, कारण एरवी सत्तेतील वाटा सोडण्याची त्याची ख्याती नाही. २०१९ मध्ये मजूर पक्षाबरोबर आणि २०२४ मध्ये त्याच्या विरोधकांबरोबर लढताना दोन्ही वेळा पक्ष पराभूत आघाडीत होता. २०२४ मध्ये मुख्य बेटावरील सर्व ६० जागा प्रतिपक्षाने जिंकल्या. पराभूत उमेदवारांमधून समाजघटकांना प्रतिनिधित्व देणाऱ्या ‘बेस्ट लूझर’ तरतुदीमुळे पक्षातर्फे द्युवाल घराण्यातील आद्रियाँ द्युवाल तेवढे संसदेत पोहोचले.