जनुक घालणं सोपं, बटण अवघड

'जिवाणूत माणसाचं जनुक घातलं की तो आयुष्यभर औषध बनवत बसतो.' इन्सुलिनचा विषय निघाला की हे वाक्य हमखास ऐकू येतं. जिवाणूंकडून बनवून घेतलेलं मानवी इन्सुलिन 1982 साली बाजारात आलं, हे खरं. पण जनुक घालणं हा त्यातला सोपा भाग. ते कधी चालू करायचं आणि किती, यातच सगळं कसब आहे.

जिवाणूच्या दृष्टीने आपलं औषध म्हणजे निव्वळ वेठबिगारी. त्यासाठी लागणारी ऊर्जा, अमिनो आम्लं, प्रथिनं बनवणारे रायबोसोम सगळं त्याच्याच वाट्यातून जातं. पहिल्यापासून जुंपलं तर त्याची वाढ खुंटते. त्यात एखाद्या पेशीतलं ते जनुक उत्परिवर्तनाने बिघडलं, तर ओझं उतरलेली ती पेशी भराभर वाढते आणि टाकीत तिचीच पिलावळ माजते. म्हणून आधी वाढू द्यायचं, मग कामाला लावायचं.

त्यासाठीचं बटण ई. कोलाय या जिवाणूत आयतंच आहे, आणि मला ते फार आवडतं. लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर पचवणाऱ्या जनुकांच्या तोंडाशी डीएनएवर रिप्रेसर नावाचं प्रथिन ठाण मांडून असतं. ते असेपर्यंत जनुक वाचलं जात नाही. लॅक्टोज आत आलं की त्यापासून बनलेला ॲलोलॅक्टोज रिप्रेसरला चिकटतो, त्याचा आकार बदलतो आणि डीएनएवरची पकड सुटते. जाकोब आणि मोनो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी 1961 मध्ये हे मांडलं. 1965 मध्ये त्यांना ल्वॉफ यांच्यासह नोबेल मिळालं. औषधाचं जनुक याच बटणाला जोडतात. प्रयोगशाळेत लॅक्टोजऐवजी आयपीटीजी हे त्याच्यासारखंच रसायन वापरतात. जिवाणू ते पचवू शकत नाही, म्हणून बटण चालूच राहतं.

गंमत पुढेच आहे. पेशीत हे रिप्रेसर जेमतेम दहाएक असतात. आपण जनुकाच्या शेकडो प्रती घातल्या तर पहारेकरी पुरत नाहीत, आणि बटण बंद असतानाही जनुक पाझरत राहतं. म्हणून रिप्रेसरचं जनुकही जादा घालावं लागतं.

काही वेळा बटण पूर्ण बंद करणंच परवडत नाही. हिवतापावरच्या आर्टेमिसिनिनसाठी यीस्टमध्ये जो कच्चा माल लागतो, त्यातूनच यीस्ट स्वतःच्या पेशीपटलासाठी अर्गोस्टेरॉल बनवतं. ती वाट बंद केली तर यीस्ट मरतं, मोकळी सोडली तर औषधाला माल उरत नाही. मग त्या वाटेच्या जनुकाला तांब्याने मंदावणारा प्रमोटर, म्हणजे जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा, जोडला. तांब्याचा क्षार घातला की ती वाट अरुंद होते, बंद होत नाही. 'उद्या सगळे कारखाने सूक्ष्मजीवच चालवतील' म्हणणाऱ्यांनी ही ओढाताण एकदा बघावी. या बदलासोबत इतरही बरेच फेरफार करून 2013 मध्ये एका लिटरमागे 25 ग्रॅम आर्टेमिसिनिक आम्ल मिळालं. त्याचं आर्टेमिसिनिन करायला मात्र शेवटी रसायनशास्त्रज्ञच लागले.