अकाया: मोरियातील फ्रँक संस्थानाच्या गादीचा इतिहास

चौथ्या क्रुसेडच्या (ख्रिस्ती धर्मयुद्धाच्या) फौजांनी एप्रिल १२०४ मध्ये कॉन्स्टँटिनोपल लुटले आणि बायझंटाइन साम्राज्याची वाटणी केली. तीत दक्षिण ग्रीसमधील पेलोपोनीस द्वीपकल्पाचा, म्हणजे तेव्हाच्या मोरियाचा, बराचसा भाग कागदोपत्री व्हेनिसला मिळाला होता. प्रत्यक्षात तो जिंकला शँपेनच्या जॉफ्रॉय व्हिलहार्दुएँने आणि त्याचा मित्र गियोम द शांप्लितने, तेही शंभरेक नाइट आणि काहीशे शिपाई एवढ्याच बळावर. तेथे अकाया हे फ्रँक, म्हणजे पश्चिम युरोपीयांचे, संस्थान उभे राहिले आणि शांप्लित त्याचा पहिला प्रिन्स झाला. १२०९ मध्ये बर्गंडीतील वारसा मिळवण्यासाठी तो मायदेशी निघाला, पण वाटेतच मरण पावला आणि सत्ता जॉफ्रॉयच्या हाती आली. शांप्लितच्या नातलगाला मुदतीत पोहोचू न देता जॉफ्रॉयने गादी बळकावल्याची कथा मोरियाच्या बखरीत रंगवून सांगितली आहे; तिच्यावर अक्षरशः विश्वास ठेवण्याचे कारण नाही.

व्हिलहार्दुएँ घराण्याने ग्रीक जमीनदारांच्या जमिनी आणि ऑर्थोडॉक्स धर्म यांना फारसा धक्का लावला नाही आणि मूठभर परकीयांचे राज्य टिकले ते बहुधा यामुळेच. कालामाता येथे जन्मलेला आणि ग्रीक बोलणारा दुसरा गियोम (कारकीर्द १२४६–१२७८) याने १२४८ मध्ये मोनेमव्हासिया घेतले आणि पुढे मिस्त्राचा किल्ला बांधला. मात्र १२५९ मध्ये पेलागोनियाच्या लढाईत बायझंटाइनांकडून त्याचा पराभव झाला आणि तो त्यांच्या कैदेत पडला. गवताच्या गंजीत लपला असता पुढे आलेल्या दातांवरून तो ओळखला गेला, असे सांगतात. त्याच्या सुटकेसाठी मोनेमव्हासिया, मिस्त्रा आणि माइना हे किल्ले द्यावेत की नाही, हे ठरवण्यासाठी निक्ली येथे भरलेल्या सभेत, सरदार मेलेले किंवा कैदेत असल्यामुळे, बहुतांशी त्यांच्या बायकाच बसल्या होत्या. अथेन्सचा सत्ताधीश गी द ला रोश याचा विरोध असूनही सभेने किल्ले देण्याचा निर्णय घेतला.

तरीही या घराण्याचा खरा घात पेलागोनियाने नव्हे, तर १२६७ च्या व्हितेर्बो कराराने केला, असे मला वाटते. बायझंटाइनांविरुद्ध मदत हवी म्हणून गियोमने नेपल्स आणि सिसिलीचा राजा शार्ल द आंजू याचे मांडलिकत्व पत्करले, आपली मुलगी इझाबेला त्याच्या मुलाला देण्याचे कबूल केले आणि हे जोडपे निपुत्रिक राहिल्यास संस्थान आंजू घराण्याकडे जाईल, हे कलमही मान्य केले. जावई १२७७ मध्ये आणि गियोम त्याच्या पुढच्याच वर्षी वारला. शार्ल प्रिन्स झाला, पण त्याने मोरियात कधी पाऊल ठेवले नाही.

१२८९ मध्ये इझाबेलाने एनोच्या फ्लोरँशी लग्न केल्यावर तिला गादी परत मिळाली खरी, परंतु पुढील विवाहासाठी तिने आणि तिच्या मुलींनी राजाची संमती घ्यावी, अशी अट होती. या अटीचा फास तिची मुलगी मातिल्द हिच्या गळ्यात पडला. ती विधवा झाल्यावर नेपल्सने ग्राविनाच्या जॉनशी तिचे बळजबरीने लग्न लावू पाहिले; आपण आधीच गुप्तपणे अन्य पुरुषाशी विवाह केल्याचे तिने सांगताच, तेच कारण पुढे करून तिचे संस्थान काढून घेण्यात आले. १३३१ मध्ये ती कैदेतच वारली.

त्यानंतर मोरिया हे दूरच्या मालकांचे उत्पन्न होऊन बसले. नेपल्सच्या राणी जोआनाने तर संस्थान हॉस्पिटलर नाइटांना, म्हणजे एका लढाऊ ख्रिस्ती धर्मसंघाला, चक्क भाडेपट्ट्याने दिले. पुढे नाव्हारच्या भाडोत्री सैनिकांचा म्होरक्या प्रिन्स झाला आणि मग जेनोव्हाच्या झक्कारिया घराण्यातील चेंतुरियोने हा प्रिन्स झाला. दरम्यान मिस्त्रा हे बायझंटाइन मोरियाचे केंद्र बनले होते. तेथील पालेओलोगोस घराण्याच्या थॉमसशी आपल्या मुलीचे लग्न लावून चेंतुरियोनेने उरलेला बहुतेक मुलूख हुंडा म्हणून दिला आणि १४३२ मध्ये तो वारल्यावर फ्रँक संस्थान संपले.