हॉर्न वाजेना? नवा घेण्याआधी अर्थिंग तपासा

गाडीचा हॉर्न बंद पडला की पहिला विचार नव्या हॉर्नचाच येतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर गेलं की हवा तसा मिळतो, बोल्ट एकच असतो, बसवायला दहा मिनिटं पुरतात. पण पुष्कळदा नवा हॉर्नही गप्पच राहतो, नाहीतर वाजतो आणि पुढच्या पावसाळ्यात त्याचाही घसा बसतो. कारण बिघाड हॉर्नमध्ये नव्हताच. तो होता हॉर्नपर्यंत येणाऱ्या आणि तिथून गाडीच्या बॉडीमार्गे परत जाणाऱ्या विजेच्या वाटेत. या परतीच्या वाटेलाच अर्थिंग म्हणतात. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत तर संशयाची सुई आधी तिकडेच वळवायला हवी.

हॉर्नच्या डबीत तांब्याच्या तारेची कॉइल असते, तिच्यासमोर पातळ पोलादी पडदा, आणि पडद्याच्या मधोमध बसवलेला लोखंडाचा तुकडा. बटण दाबलं की कॉइलचा चुंबक होतो, लोखंड ओढलं जातं आणि पडदा आत वाकतो. वाकता वाकता आतले दोन पॉइंट एकमेकांपासून सुटतात. करंट तुटतो, चुंबकत्व जातं, पडदा उसळून मागे येतो, पॉइंट पुन्हा टेकतात, की पुन्हा तेच. शाळेतली विजेची घंटा याच तत्त्वावर चालते. फरक वेगाचा: हॉर्नमध्ये हे चक्र सेकंदाला साधारण तीनशे ते पाचशे वेळा फिरतं. चपट्या हॉर्नला पुढे आणखी एक चकती असते. ती दोन हजार हर्ट्झच्या आसपास थरथरते आणि त्या पट्टीत माणसाचा कान फार तीक्ष्ण असतो. म्हणून तो आवाज वाहतुकीच्या गोंगाटातूनही टोचतो. शंखासारख्या हॉर्नमध्ये हेच काम वळलेली नळी करते, आणि तिचा आवाज जरा गोलसर येतो.

आता विजेची वाट. कारमध्ये ती अशी असते: बॅटरी, फ्यूज, रिले, हॉर्न, गाडीची बॉडी आणि परत बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल. कारचा एक हॉर्न ३ ते ५ अँपिअर करंट घेतो. एवढा करंट स्टिअरिंगवरच्या नाजूक बटणातून नेत नाहीत. बटण फक्त रिलेची छोटी कॉइल चालवतं, ज्यासाठी १५० मिलिअँपिअरच्या आसपास करंट पुरतो, आणि मोठा करंट रिले जोडून देतो. रिलेच्या पायांवर आकडे असतात: ३० वर बॅटरीची लाइन, ८७ वरून हॉर्नकडे, ८५ आणि ८६ म्हणजे कॉइल. हे चार आकडे लक्षात ठेवले की अर्धी शोधाशोध वाचते.

शोध कानाने सुरू करा. इंजिन बंद, चावी चालू, एकाने बटण दाबावं आणि दुसऱ्याने फ्यूज बॉक्सजवळ कान द्यावा. रिलेचा ‘टिक’ ऐकू आला, तर बटण आणि त्याच्या वायरी ठीक आहेत. दोष रिलेच्या पुढे आहे. टिकच नसेल तर फ्यूज, रिलेची कॉइल किंवा बटणाची बाजू पाहायची. त्याच बॉक्समध्ये तसाच, त्याच नंबरचा दुसरा रिले बहुधा असतो. दोघांची अदलाबदल करून पाहणं ही सगळ्यात स्वस्त चाचणी. फ्यूज उडालेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला, बहुतेक गाड्यांत १० किंवा १५. तो पुन्हा उडाला तर वायर कुठेतरी बॉडीला चिकटते आहे. फ्यूजच्या जागी तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी कधीही लावू नका. शॉर्ट असलेल्या वायरचं इन्सुलेशन काही सेकंदांत वितळतं, आणि त्याच जुडीतल्या शेजारच्या वायरीही सोबत जळतात.

रिले टिक करतो पण हॉर्न गप्प, हा मुंबईतला सगळ्यात नेहमीचा प्रकार. इथेच बहुतेकांची फसगत होते. हॉर्नची पिन काढून मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचा मीटर) लावला जातो, तो १२.४ व्होल्ट दाखवतो, आणि निष्कर्ष निघतो: करंट येतोय, म्हणजे हॉर्न गेला. हा निष्कर्ष चुकीचा असू शकतो. मल्टिमीटर जवळजवळ करंट घेतच नाही. गंजून एका केसाएवढ्या धाग्यावर तगलेली वायरसुद्धा त्याला पूर्ण व्होल्टेज दाखवते. नळ बंद असताना पाइपातला दाब पूर्ण दिसतो, नळ उघडल्यावर मात्र धार करंगळीएवढी येते, तसंच हे.

हिशेब करून पाहू. ४ अँपिअर घेणारा हॉर्न म्हणजे ढोबळ मानाने ३ ओहमचा रोध. वाटेतल्या एका गंजलेल्या सांध्याने फक्त १ ओहमची भर घातली, तर करंट ३ अँपिअरवर येतो आणि हॉर्नच्या वाट्याला १२ ऐवजी ९ व्होल्ट उरतात. चुंबकाची ओढ करंटसोबत वेगाने घटते, म्हणून पडदा पूर्ण वाकत नाही. कधी घोगरा आवाज, कधी एकच ‘टक्’, कधी काहीच नाही. मीटरला १ ओहम क्षुल्लक वाटतो, हॉर्नला तो मारून टाकतो.

म्हणून मोजायचं ते भार असताना. पिन हॉर्नला लावलेलीच ठेवा. मीटर २० व्होल्ट डीसीवर घ्या, एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरं हॉर्नच्या पॉझिटिव्ह पिनवर टेकवा, आणि सोबतीला बटण दाबायला सांगा. आकडा ०.५ व्होल्टच्या आत असेल तर ती बाजू निरोगी. मग हॉर्नच्या निगेटिव्ह पिनपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत तसंच मोजा, इथे ०.२ पेक्षा जास्त आलं की अर्थिंग खराब. काही हॉर्नना एकच पिन असते आणि करंट थेट ब्रॅकेटमधून बॉडीत उतरतो. तिथे मीटरचं टोक ब्रॅकेटवर ठेवा. हॉर्नच्या दोन टोकांवर वाजवताना ११ व्होल्टच्या वर मिळत आहेत आणि तरी आवाज नाही, तेव्हाच दोष हॉर्नवर टाकावा.

मल्टिमीटर नसेल तर इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब आणि दोन वायरी पुरे. तो पावणेदोन अँपिअर घेतो, म्हणजे खरा भार आहे. हॉर्नच्या जागी जोडून लख्ख पेटला तर वाट साफ, पिवळट पेटला तर वाटेत गंज. एलईडीचा टेस्टर मात्र मीटरसारखाच फसवतो. आणि बल्ब असो की मीटर, स्टिअरिंगमधल्या पिवळ्या वेष्टनाच्या वायरींना लावायचा नाही. त्या एअरबॅगच्या असतात.

दोष अर्थिंगचा निघाला तर बोल्ट पूर्ण काढा. ब्रॅकेटची वरची बाजू चकचकीत असेल, पण खाली, बॉडीला टेकणाऱ्या बाजूला तपकिरी कडं दिसेल, आणि वायरच्या पितळी थिंबलवर, म्हणजे टोकाला दाबून बसवलेल्या कडीवर, हिरवट पावडर. समुद्राकडून येणाऱ्या हवेत मीठ असतं, मीठ ओल धरून ठेवतं, आणि तांबं किंवा पितळ लोखंडाला टेकलेलं असताना मधे खारी ओल आली की तिथे छोटी बॅटरीच तयार होते. तिच्यात लोखंड झिजत जातं. वरळी सी फेसला किंवा मढला रोज उघड्यावर उभी राहणारी गाडी आणि ठाण्यात बंद पार्किंगमध्ये उभी राहणारी गाडी यांच्या बोल्टांत म्हणूनच फरक दिसतो.

आता बॅटरीचं निगेटिव्ह सोडवा (बहुधा १० चा पाना). निगेटिव्ह आधी काढायचं आणि शेवटी लावायचं. उलट केलं आणि पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला तर ठिणग्या उडतात, पाना लालबुंद होऊ शकतो. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने थिंबल, ब्रॅकेट आणि बॉडीवरची रुपयाएवढी जागा धातू चमकेपर्यंत घासा. रंगावर अर्थिंग कधीच लागत नाही. दातेरी वॉशर घालून बोल्ट घट्ट करा आणि आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा थर द्या. थर ओल बाहेर ठेवतो. वायर काळी पडली असेल तर तांबं चकचकीत दिसेपर्यंत मागे कापा, नवं थिंबल दाबून बसवा, वर तापवल्यावर आवळणारी हीट श्रिंक नळी चढवा. नुसती पिळून टेप गुंडाळलेली जोडणी इथे एक पावसाळाही काढत नाही.

हॉर्न सहसा ग्रिलच्या मागे, रेडिएटरसमोर असतो. तिथे हात घालताना इंजिन गार असू द्या. अनेक गाड्यांत चावी काढल्यावरही पंखा आपोआप सुरू होतो आणि बोटं सापडतात.

खुद्द हॉर्नच गडबडला असेल तर मागच्या बाजूचा लाख किंवा रंग लावून बंद केलेला स्क्रू पाहा. तो पॉइंटमधलं अंतर ठरवतो. पॉइंट झिजले की अंतर बदलतं आणि आवाज फाटतो. आधी मार्करने स्क्रूची मूळ जागा खुणेने धरा. मग पाव फेरा एका दिशेला, अर्धा सेकंद वाजवून पाहा; सुधारलं नाही तर मूळ खुणेवर परत येऊन दुसऱ्या दिशेला पाव फेरा. दोन्हीकडे मिळून एका फेऱ्यापेक्षा जास्त खेळ करू नका. पॉइंट सुटतच नाहीत अशा जागी स्क्रू गेला तर करंट अखंड वाहतो, एकदाच ‘टक्’ होतं आणि कॉइल तापत राहते. उलट टोकाला पॉइंट जुळतच नाहीत, मग करंटच नाही. जागा सापडली की स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाका, थरथरीने तो फिरणार नाही. हे सगळं करताना कानात कापूस नको, नीट इअरप्लग घाला. हातभर अंतरावरचा हॉर्न कानाला इजा करतो.

हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यातून गाडी काढल्यावर गुळण्या केल्यासारखा आवाज आला, तर हॉर्नमध्ये पाणी आहे. काढा, तोंड खाली करून झटका, चोवीस तास कोरड्या जागी उलटा ठेवा. ओला असताना पुन्हा पुन्हा वाजवला तर पॉइंट ठिणग्यांनी खरवडले जातात. परत लावताना तोंड खाली आणि किंचित पुढे, म्हणजे पुढचं पाणी आपोआप निथळेल. कितीतरी हॉर्न नुसते वर तोंड करून बसवल्यामुळे मरतात, आणि हे गॅरेजमध्येही दुर्लक्षित राहतं याचं वाईट वाटतं.

हॉर्न न थांबता वाजत राहणं हा वेगळाच प्रसंग. भर रस्त्यात गाडी बाजूला घेऊन आधी रिले उपटा. रिले काढूनही वाजत असेल तर फ्यूज काढा. नंतर चांगला रिले बसवून पाहा: शांत राहिला तर जुन्या रिलेचे पॉइंट चिकटले होते. पुन्हा वाजू लागला तर बटणाची वायर कुठे तरी बॉडीला लागली आहे, किंवा स्टिअरिंगच्या मधल्या भागाखालचे संपर्क दबून राहिले आहेत.

स्टिअरिंग फिरवतानाच हॉर्न जातो, सोबत डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा पेटतो आणि स्टिअरिंगवरची इतर बटणंही मेली आहेत, अशी तिन्ही लक्षणं एकत्र दिसली की दोष क्लॉक स्प्रिंगचा. ही गुंडाळलेली चपटी केबल चाक फिरलं तरी जोडणी टिकवते. तिथे स्वतः हात घालू नका. एअरबॅगमध्ये स्फोटक भरलेलं असतं, आणि मीटरचा छोटा करंटसुद्धा ते पेटवू शकतो. जाणकार मेकॅनिकही बॅटरी सोडवून, मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबून मगच चाक उघडतो. इलेक्ट्रिक गाडीतही हॉर्न १२ व्होल्टवरच चालतो, त्यामुळे वरच्या सगळ्या चाचण्या लागू होतात. फक्त उच्च व्होल्टेजच्या नारिंगी केबलना स्पर्श नको.

बाइक आणि स्कूटरला बहुधा रिले नसतो, बटणच सगळा करंट वाहतं. म्हणून आधी बटण: पावसाचं पाणी मुरून त्याच्या पितळी पत्त्या काळ्या पडतात. हँडलखालचे दोन स्क्रू काढा, स्प्रिंग उडू नये म्हणून वर हात धरा, कॉन्टॅक्ट क्लीनर फवारून बारीक पेपरने घासा. ते ठीक असेल तर हँडल जिथे वळतं तिथली वायर चिमटीत धरून ताणून पाहा. आतलं तांबं तुटून बाहेरचं रबर शाबूत राहिलेलं असतं, आणि ती जागा हाताला मऊ लागते. इंजिन चालू असतानाच हॉर्न खणखणीत वाजत असेल तर बॅटरी पाहा. इंजिन बंद असताना १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२ च्या खाली म्हणजे रिकामी. इंजिन चालू असताना साधारण १४ दिसायला हवेत.

दुरुस्तीच्या ओघात मोठा हॉर्न लावायचा मोह होतो. दोन हॉर्नची जोडी ८ ते १० अँपिअर मागते, मूळ वायर त्यासाठी नसेल तर रिले, १.५ चौरस मिलिमीटरची वायर आणि बॅटरीजवळ १५ अँपिअरचा फ्यूज हवाच. वेगवेगळे सूर एकामागून एक काढणारे हॉर्न आणि कर्कश प्रेशर हॉर्न १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत निषिद्ध आहेत. विनाकारण किंवा सतत हॉर्न वाजवल्यास पहिल्या वेळी १,००० आणि पुढे २,००० रुपये दंड. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो, म्हणून केईएम रुग्णालयाच्या आसपास दुरुस्त हॉर्नची चाचणी घ्यायची नाही.

चाचणी मोकळ्या जागी, अर्ध्या सेकंदाच्या दोन दाबांत. कारच्या अनेक जोड्यांत एक हॉर्न ४०० आणि दुसरा ५०० हर्ट्झचा असतो. हे प्रमाण ४ ला ५, म्हणजे षड्ज आणि शुद्ध गंधार. दोन्ही चालू असतील तर ही जोडी कानाला भरलेली लागते. नुसता गंधार ऐकू आला तर खालच्या सुराचा हॉर्न गप्प आहे. त्याची पिन काढून पाहा. शेवटी वाजवताना मिळालेले दोन्ही आकडे, पॉझिटिव्ह बाजूचा आणि अर्थिंगचा, चिकटपट्टीवर तारखेसह लिहून फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आत लावा. सप्टेंबर संपला की पुन्हा मोजा. अर्थिंगचा आकडा ०.२ कडे सरकलेला दिसला तर हॉर्न बंद पडायची वाट न पाहता तोच बोल्ट उघडून घासा.