स्वागत ईमेल : छोट्या यादीसाठी प्रमाण

एखाद्या मंडळाच्या, दुकानाच्या किंवा संस्थेच्या यादीत नाव नोंदवल्यावर नव्या माणसाला आपोआप जाणारी सुरुवातीची पत्रे म्हणजे स्वागत ईमेल. पन्नास ते पाचशे नावांची यादी इथे छोटी धरली आहे. गोव्यात अशा याद्या पुष्कळ आहेत : फोंडा तालुक्यातले हौशी नाट्यमंडळ, म्हापशातला पुस्तकविक्रेता, दिवाडी बेटावरचा होमस्टे.

या पत्रांचे घड्याळ प्रत्येकाच्या नोंदणीपासून वेगळे सुरू होते. त्यामुळे आठवड्याला किती पाठवावीत हे विचारून उपयोग नाही. एका माणसाला एकूण किती आणि किती दिवसांत, एवढेच ठरवायचे असते. छोट्या यादीला दोन पत्रे पुरतात, फार तर तीन. पहिले काही मिनिटांत जावे, कारण नाव देणारा तेव्हा तेच शोधत असतो. दुसरे दोन-तीन दिवसांनी. तिसरे आठवड्याने, तेही सांगण्यासारखे काही असेल तरच. मोठ्या ऑनलाइन दुकानांची सहा-सात पत्रांची मालिका उचलण्यात अर्थ नाही. वर्षाला दोन नाटके करणाऱ्या मंडळाकडे तेवढा मजकूर येणार कुठून?

जादा पत्रांचा फटका छोट्यांना अधिक बसतो. फेब्रुवारी 2024 पासून जीमेल आणि याहूने पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. जीमेलच्या मते स्पॅमच्या तक्रारी 0.1 टक्क्याच्या खाली असाव्यात आणि 0.3 टक्क्यापर्यंत कधीच पोचू नयेत. दोनशे जणांना पत्र गेले आणि एकाने वैतागून स्पॅमचे बटण दाबले, तरी हिशेब 0.5 टक्के होतो. शिवाय पत्रे थोडी असली की पाठवणाऱ्याला तक्रारींचे प्रमाण दाखवणाऱ्या गूगलच्या पोस्टमास्टर टूल्समध्ये आकडे दिसतच नाहीत, म्हणजे आगाऊ इशाराही नाही. दिवसाला 5,000 पत्रांच्या पुढे लागणाऱ्या अटी या मंडळींना लागू नाहीत. एसपीएफ किंवा डीकेआयएम, म्हणजे पाठवणाऱ्याची ओळख पटवणारी तांत्रिक खूण, मात्र सर्वांनाच लागते. स्वतःचे डोमेन (ईमेल पत्त्यातले @ नंतरचे नाव) न घेता साध्या जीमेल पत्त्याच्या नावाने बाहेरच्या सेवेतून पत्रे सोडली, तर ती स्पॅममध्ये पडण्याची शक्यता मोठी.

पत्र किती जणांनी उघडले या आकड्यावरून दोन पत्रांमधले अंतर ठरवू नये. 2021 मध्ये आयओएस 15 सोबत आलेल्या ॲपलच्या सोयीमुळे पत्रातली चित्रे आधीच उतरवली जातात आणि न वाचलेले पत्रही उघडलेले दिसते. त्यातून वेगवेगळे अंतर ठेवून पाहिलेल्या चाळीस-चाळीस जणांच्या दोन गटांत तीन-चारांचा फरक पडला तर तो निव्वळ योगायोगही असू शकतो. आलेली उत्तरे मोजावीत. उत्तर देता न येणाऱ्या पत्त्यावरून स्वागत करणे तर विचित्रच.

गोव्यातली खरी अडचण जत्रेच्या वहीची. जत्रेतल्या नाटकाला लोक वहीत नाव-पत्ता लिहितात आणि कोणीतरी तीन महिन्यांनी, सवड मिळेल तेव्हा, सगळे एकदम संगणकावर चढवतो. यंत्राच्या दृष्टीने ते सगळे आजच आलेले. वाचणाऱ्याला मात्र आपण नाव कुठे दिले हेच आठवत नाही. अशा नावांसाठी स्वयंचलित मालिका बंद ठेवून, कोणत्या जत्रेत नाव दिले होते ते सांगणारे एकच पत्र हाताने पाठवावे. वहीतल्या पानावर नाव कशासाठी घेतो आहोत हेही लिहिलेले असावे : 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात संमती ठरावीक कारणापुरती असते आणि ती काढून घेणे देण्याइतकेच सोपे असावे लागते.

होमस्टेचे गणित उलटे. जूनमध्ये डिसेंबरचे आरक्षण करणाऱ्याला तिसऱ्या दिवशी बेटावरच्या वाटा सांगून काय उपयोग? पहिले पत्र लगेच जावे, पण दुसरे मुक्कामाच्या तारखेपासून मागे मोजून, चार-पाच दिवस आधी, जुने गोवे किंवा रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोट कशी धरायची ते सांगणारे.

चवथीच्या सुमारास नेहमीची जाहिरातपत्रेही सुटत असतात. स्वागताची पत्रे संपेपर्यंत नव्या नावांना त्या यादीतून वगळण्याची सोय बहुतेक सेवांमध्ये असते, आणि तोच माणूस पुन्हा नोंदला तर मालिका पहिल्यापासून सुरू होऊ न देण्याचीही.